घरांतला हिंवाळा

पंचांगांत हेमंत व शिशिर असे हिंवाळ्याचे दोन ऋतु सांगितले आहेत. परंतु ज्या घरांत दीड-दोन वर्षांचें मूल आहे त्या घरापुरता हिंवाळ्याचा एकच ऋतु असतो, आणि त्याचें नांव सर्दी. तो दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होण्याच्या सुमारास सुरू होतो व होळीच्या आगेमागें संपतो. मधल्या काळांत घरांतील वडील माणसें तिथि-वार विसरतात आणि "पहिली सर्दी झाली तेव्हां", "कान फुटला त्याच्या आधीं" अशी कालगणना करूं लागतात. शालिवाहन शकाच्या जोडीला हा एक नवीन शक आमच्या घरीं सुरू झाला आहे.

आमचें घर म्हणजे वस्तुतः दोन घरें. एक साताऱ्यास शनिवार पेठेंत, वडिलांच्या वेळेपासूनचें. दुसरें सांगलीस गांवभागांत, चिरंजीव व सूनबाई या दोघांच्या नोकऱ्या तेथें म्हणून घेतलेलें. चुली दोन असल्या तरी कुटुंब एकच, हें आम्हीं मोठ्या हट्टानें सांभाळलें आहे. दिवाळीला सगळीं साताऱ्यास जमतात, आणि दिवाळी संपली कीं मी, सौभाग्यवती व माझी थोरली बहीण आक्का गाठोडीं बांधून सांगलीस उतरतों, ते थेट होळीपर्यंत. उतरतों हा शब्द अक्षरशः खरा आहे. सातारा समुद्रसपाटीपासून सातशें मीटरांहून अधिक उंचीवर, अजिंक्यताऱ्याच्या कुशींत. सांगली त्याहून दीडशें-दोनशें मीटर खालीं, कृष्णेच्या कांठीं. महाबळेश्वरीं उगम पावून वाईवरून येणारी व माहुलीस वेण्णेला पोटांत घेणारी कृष्णाच पुढें सांगलीच्या घाटाला लागते. त्यामुळें आक्का म्हणते कीं, आपण कांहीं परगांवीं जात नाहीं, पाण्याबरोबर खालीं जातों इतकेंच.

माझ्याविषयीं सांगण्यासारखें थोडें आहे. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकची शेवटची तुकडी १९७५ सालीं बाहेर पडली, तींत मी होतों. पुढें वाईस एका शास्त्रीबुवांपाशीं कौमुदीचे पाठ घेतले आणि चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. परंतु माझ्यापुढें येणारें मूल दहा-बारा वर्षांचें होऊन, दप्तर घेऊन, केस विंचरून येत असे. त्याच्या आधींचें मूल कसें असतें हें जवळून पाहण्याचा योग निवृत्तीनंतर नातीमुळें आला.

दीड वर्षाच्या मुलाचा दिवस कसा जातो हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको, आणि ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांना सांगून पटावयाचें नाहीं. सकाळीं सातला उठल्यापासून नवाच्या आंत तिनें स्वयंपाकघरांतील खालच्या फळीवरचीं सगळीं भांडीं बाहेर काढलेलीं असतात. एकांत एक बसणाऱ्या पातेल्यांचा क्रम तिला ठाऊक आहे, पण मान्य नाहीं. माझ्या चष्म्याचें घर, सौभाग्यवतींची कुंकवाची कोयरी आणि चिरंजीवांच्या गाडीची किल्ली या तीन वस्तूंचा पत्ता हटकून तांदुळाच्या डब्यांत लागतो. तिची भाषा मात्र माझ्या शास्त्राला धरून आहे. भूभू, पापा, मम्मं, जोजो, गाईगाई. जें तें दोनदां. पाणिनीच्या व्याकरणांत धातूचें द्वित्व होतें तेव्हां त्यांतील पहिल्या भागाला ‘अभ्यास’ अशी संज्ञा आहे. चौतीस वर्षें मी मुलांना अभ्यास करा म्हणून ओरडत आलों. ही न सांगतां दिवसभर अभ्यास करते! भात तो मम्मं, आमटी ती मम्मं, आणि माझ्या चपलेचा अंगठा तोहि मम्मं. अतिव्याप्ति नांवाचा एक दोष आहे हें तिला अजून कोणीं सांगितलेलें नाहीं.

पंधरा महिने झाले तरी ती चालेना. भिंत धरून सरके, हात धरला तर चार पावलें टाकी, सोडला कीं मटकन खालीं बसे. आक्काच्या जिवाला घोर लागला. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील निरोगी मुलांचें निरीक्षण करून २००६ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत आधारावांचून चालूं लागण्याचा काळ सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत दिलेला आहे, हें सूनबाईनें तिला समजावून सांगितलें. आक्का सगळें ऐकून घेऊन म्हणाली, "संघटनेला एखादी नात आहे का ग?"

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळें मीं पांगुळगाडा करावयास घेतला.

पांगुळगाड्याची परंपरा वाचकांस वाटत असेल त्याहून पुष्कळ जुनी आहे. बालचिकित्सेवरील ‘काश्यपसंहिता’ हा ग्रंथ पुष्कळ काळ पंडितांनाहि केवळ नांवानेंच ठाऊक होता. नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांना त्याची एक खंडित पोथी मिळाली, व ती १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापून प्रसिद्ध झाली. वर्ष झालें तरी पायांनीं न चालणाऱ्या मुलाला त्या ग्रंथांत ‘फक्क’ म्हटलें आहे, आणि त्याच्या उपचारांत तेलें-तुपें सांगून झाल्यावर तीन चाकांचा ‘फक्करथ’ कसबी कारागिराकडून करवून घ्यावा व त्यानें मुलाला हळूं हळूं चालावयास शिकवावें असें स्पष्ट सांगितलें आहे. आमच्या नातीला फक्क म्हणण्याचें कांहीं कारण नव्हतें; पण एवढ्या मोठ्या ऋषीनें सुताराला वैद्याच्या पंक्तीला बसविलें आहे हें पाहून माझा हुरूप वाढला.

साताऱ्याच्या घरांतील देवघराची जुनी चौकट माळ्यावर पडून होती. तिचें सागवान कापून दांड्या केल्या; चाकें मात्र लाकूड कांतणाऱ्याकडून कांतून आणलीं. सगळें कांचकागदानें घासून त्यावर जवसाचें तेल दिलें. रंग मुद्दामच दिला नाहीं. मूल जें धरतें तें चाटतें, आणि रंगांत शिसें नाहीं अशी हमी दुकानदाराच्या तोंडून घेण्यापेक्षां रंगच न देणें बरें. गाडा पुढें पळूं नये म्हणून खालच्या फळीवर दोन किलोचें जुनें लोखंडी वजन घट्ट बांधलें. बाजारांत ज्या प्लॅस्टिकच्या चाकांच्या बैठका मिळतात, ज्यांत मूल मधोमध लोंबकळत बसतें व पायाच्या अंगठ्यानें घरभर सुसाट जातें, त्यांची गोष्ट निराळी. त्यांतून मूल जिन्यावरून कोसळतें, शेगडीपर्यंत हात पोंचतो, आणि चालणें तर लवकर येतच नाहीं. कानडा देशानें २००४ सालापासून त्यांच्या विक्रीला बंदी केली आहे. आपल्याकडे अजून त्या बारशाला आहेर म्हणून येतात. पांगुळगाड्यांत मूल स्वतःच्या पायांवर उभें असतें आणि दांडी सोडली तर जागच्या जागीं बसतें.

चाकांना तेल घालूं कां, असें चिरंजीवांनीं विचारलें. मीं नको म्हटलें. गाडा कुरकुरतो, म्हणून मूल कोणत्या खोलींत आहे हें सगळ्या घराला कळतें. आणि कुरकुर थांबली म्हणजे ताबडतोब उठून पाहावें हेंहि कळतें. पुढें मार्गशीर्ष लागल्यावर, साडेसोळा महिन्यांची असतांना, ती गाडा सोडून चालूं लागली. गाडा नसता तरी चाललीच असती, असें सूनबाईचें मत आहे. माझें मत मीं कोणाला सांगितलेलें नाहीं.

गाड्याचें काम साताऱ्यास चाललें असतांनाच सांगलीच्या घराचेंहि एक काम मीं हातीं घेतलें. कारण मूल साताऱ्यास आणि सांगलीचें घर रिकामें अशी संधि दिवाळीखेरीज मिळत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांतील महापूर वाचकांच्या स्मरणांत असेलच. सांगलीस १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेच्या पाण्याची उंची मोजतात. तेथें ४५ फुटांना धोक्याची पातळी म्हणतात, आणि त्या वर्षीं पाणी ५७ फुटांवर गेलें. आमच्या घराच्या तळमजल्यावर तें माणसाच्या छातीइतकें होतें. पूर ओसरला, गाळ निघाला, पण भिंतींनीं जें पाणी पिऊन ठेवलें तें वर्षानुवर्षें बाहेर पडत राहिलें. घाईघाईनें वरून सिमेंटचा गिलावा व तैलरंग दिल्यामुळें त्याला वाट राहिली नाहीं. मग जोत्यापासून तीन-चार फुटांपर्यंत लोणा फुलला, रंगाचे पापुद्रे सुटले, आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरली. ज्या भिंतीला टेंकून नातीची खाट होती तीच ही भिंत.

घरांतील ओल व बुरशी यांचा मुलांच्या खोकल्याशीं व दम्याशीं संबंध आहे, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं एक सबंध पुस्तक काढून सांगितलें आहे, परंतु आमच्या म्हाताऱ्या गवंड्यानें तें न वाचतांच भिंतीवर नख ओढून सांगितलें, "मास्तर, हिला सदरा घट्ट झालाय. श्वास घेऊं द्या तिला." चार फुटांपर्यंतचा सिमेंटचा गिलावा आम्हीं दोघांनीं मिळून खरवडून काढला. मी थापी धरीं, तो मला थापी कशी धरूं नये तें सांगे. विटा पंधरा दिवस उघड्या ठेवल्या. कार्तिकांतील सांगलीची हवा कोरडी असते, तिनें आपलें काम केलें. नंतर चुन्याचा गिलावा व वर चुन्याचीच सफेती. चुना ओल आंत कोंडून ठेवीत नाहीं, बाहेर जाऊं देतो. म्हणून जुन्या वाड्यांच्या भिंती पूर पाहूनहि वाळतात. धूळ पूर्ण बसल्यावरच मुलीला घरांत आणलें, आणि तिची खाट माडीवर हलविली. एवढें करूनहि सर्दी व्हावयाची ती झालीच. चांगली भिंत हें सर्दीवरचें औषध नव्हे. तिच्यामुळें खोकला चिघळण्याचें एक कारण कमी होतें, इतकेंच तिच्याकडून मागावें.

लहान मुलाला वर्षांतून सहा-आठ वेळां सर्दी होणें हें आजाराचें नव्हे, बालपणाचें लक्षण आहे, असें आमचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. नात पाळणाघरांत जाऊं लागली तो पहिला हिंवाळा, म्हणजे हा आंकडा तिला एकाच ऋतूंत पुरा करावयाचा होता. तिच्याकडून ती आक्काला, आक्काकडून मला, माझ्याकडून सौभाग्यवतींना, अशी सर्दी वडीलधाऱ्यांचा मान राखीत घरभर फिरे आणि ताजीतवानी होऊन पुन्हां नातीकडे येई.

घरांत चार बायका-पुरुष आणि एक शेंबडें मूल असलें म्हणजे पांच वैद्यकशास्त्रें नांदूं लागतात. सौभाग्यवतींचें शास्त्र खाण्याचें. हेमंतांत जठराग्नि प्रबळ असतो हें आयुर्वेदाचें मत मीं त्यांना एकदां वाचून दाखविलें, तेव्हांपासून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर व बाजरीची भाकरी यांना शास्त्राधार मिळाला आहे. हळद-दुधाविरुद्ध तर सांगलींत कोण बोलणार? येथील हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. आणि शेजारच्या हरिपुरास जमिनींतील पेवांत ती वर्षानुवर्षें सांठवीत, तीं पेवें २००५ च्या पुरांत बहुतेक बुडून गेलीं तरी त्यांच्या गोष्टी अजून बुडालेल्या नाहींत. मध वर्षाच्या आंतील मुलाला चाटवूं नये, त्यांतून एक दुर्मिळ पण घातक विषबाधा होऊं शकते; वर्षानंतर हरकत नाहीं. एवढ्यावर सर्वांचें एकमत झालें.

एकमत झालें नाहीं तें धुरीवर. आक्काच्या मतें मूल न्हाऊन आलें कीं शेगडींत निखारे घालून त्यावर ओवा व लसणीचीं सालें टाकावीं, आणि मुलाला धुरावर धरावें. सूनबाईच्या मतें ज्या छातीला आधींच श्वास जड झाला आहे तिला धूर देणें हें बुडत्याला पाणी पाजण्यासारखें आहे. शिवाय बंद खोलींतील निखाऱ्यांतून जो विषारी वायु निघतो त्याला ना रंग ना वास. मीं सूनबाईच्या बाजूनें कौल दिला. आक्का दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं सूनबाईनेंच तोड काढली : ओवा तव्यावर गरम करून फडक्याची पुरचुंडी करावी आणि ती उशाशीं ठेवावी, वास तोच, धूर नाहीं. कापूर मात्र घरांतून अजीबात हद्दपार झाला, कारण तो मुलाच्या पोटांत गेल्यास झटके येतात. तो आतां आरतीपुरता देवघराच्या वरच्या कप्प्यांत असतो.

आणि दुकानांतून आणलेलें खोकल्याचें औषधहि हद्दपार झालें. २०२५ च्या ऑक्टोबरांत, आम्ही दिवाळीची तयारी करीत असतांना, मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या दूषित औषधानें वीसाहून अधिक बालकें दगावल्याच्या बातम्या येत होत्या. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचें, मूत्रपिंडें निकामीं करणारें द्रव्य निघालें. त्याच महिन्यांत केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याचीं औषधें देऊंच नयेत, व पांच वर्षांपर्यंतहि सहसा देऊं नयेत, अशी सूचना काढली. बहुतेक सर्दी आपोआप बरी होते. औषध लागतें तें घरांतल्या माणसांच्या अस्वस्थतेला, आणि त्याची बाटली अजून निघालेली नाहीं.

परंतु प्रत्येक सर्दी आपोआप बरी होत नाहीं. येथें मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

माझ्या पोटावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंस, दोन डाग आहेत. वडील तेव्हां जावळी तालुक्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शाळेवर होते. पावसाळ्यांत व थंडींत मुलांना ‘डबा’ होई. मूल धापा टाकूं लागे, पोट भात्यासारखें वरखालीं होई, नाकपुड्या फुलत. कीं गांवांतील एक जाणती बाई विळ्याचें टोंक तापवून येई आणि पोटावर डाग देई. मीं त्यांतून वांचलों. माझ्या पाठचा भाऊ वांचला नाहीं. तो दीड वर्षाचा होता. पौष महिना, १९६२ साल. त्यालाहि डाग दिले होते. त्याला मांडीवर घेऊन आक्का बसली होती. ती तेव्हां तेरा वर्षांची. आई चुलीशीं पाणी तापवीत होती आणि वडील मेढ्याहून डॉक्टर आणावयास पायीं गेले होते. ते पोंचले तेव्हां सकाळ झाली होती. आक्कानें ही हकीकत आम्हांस आयुष्यांत एकदांच सांगितली.

ज्याला आमच्याकडे डबा म्हणत तो बहुतेक न्युमोनियाच. पांच वर्षांखालील मुलांना नेणाऱ्या संसर्गजन्य रोगांत जगांत त्याचा क्रमांक आजहि पहिला आहे. त्याच्या एका प्रमुख जंतूवरील लस आपल्या सरकारनें २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें सुरू केली व २०२१ पासून देशभर दिली. नातीलाहि ती मिळाली आहे. परंतु न्युमोनिया एकाच जंतूनें होत नाहीं. आणि डागण्या अगदींच इतिहासजमा झाल्या असेंहि नाहीं. मेळघाटांतून तान्ह्या मुलांना डाग दिल्याच्या बातम्या अलीकडेहि येत असतात. त्या वाचतांना त्या लोकांच्या अज्ञानाला नांवें ठेवणाऱ्यांनीं आपापल्या आजोबांचें पोट एकदां पाहून घ्यावें. मला यांत एक गोष्ट नेहमीं विचार करण्यासारखी वाटते. पोट उडूं लागलें, बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला कीं मूल धोक्यांत आहे, हें त्या जाणत्या बाईला बरोबर कळत होतें. तिची नजर खोटी नव्हती. तिच्या हातांतला विळा खोटा होता.

गेल्या पौषांत, संक्रांतीला चार दिवस असतांना, नातीच्या सर्दीचा तिसरा दिवस होता. ताप १०२ पर्यंत गेला. डॉक्टरांनीं आधींच सांगून ठेवलेल्या मापानें सूनबाईनें तापाचें औषध दिलें, तो उतरला. मूल झोंपलें. आम्हीहि झोंपलों. आक्काला झोंप कमी. ती रात्रीं उठून अंथरुणावर माळ ओढीत बसते. दीडच्या सुमारास तिनें मला हलवून उठविलें. तिनें गोधडी बाजूला केली होती, आणि दिव्याच्या मंद उजेडांत ती नुसती पोराच्या पोटाकडे बोट दाखवीत होती.

"पोट उडतंय रे," ती म्हणाली.

मीं सूनबाईला हांक मारली. ती आली, मुलीचा झबला वर केला, आणि कांहीं न बोलतां घड्याळ हातांत घेऊन मोजूं लागली. एक ते पांच वर्षांच्या मुलाचा श्वास, तें शांत असतांना, पुरा एक मिनिट मोजून ४० किंवा त्याहून अधिक भरला तर तो जलद समजावा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाला ही मर्यादा ५० ची. मुलीला ताप नव्हता, रडतहि नव्हती. पहिल्यांदा ५४ आले. दुसऱ्यांदा मोजले, ५२. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालीं खळगा पडत होता. सूनबाईनें चिरंजीवांना उठविलें नि म्हणाली, "आत्याबाई म्हणतात तें खरं आहे. आत्तांच निघायचं."

"मी येतें," आक्का म्हणाली. तिला नको म्हणण्याचें धैर्य कोणाला झालें नाहीं.

आमचे डॉक्टर मिरजेस. सांगलीहून मिरज आठ-नऊ किलोमीटर. विश्रामबाग गेलें, १९१९ सालचें विलिंग्डन कॉलेज गेलें, कीं मिरज आलीच. मिरजेस डॉ. वान्लेस यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उघडलें, तेव्हांपासून लांबलांबचे रोगी गाड्याघोड्यांनीं त्या गांवाकडे येत आले आहेत. एरवीं मी हा इतिहास गाडींतील मंडळींना ऐकविल्यावांचून राहत नाहीं. त्या रात्रीं मी मुलीच्या पायांना हात लावून बसलों होतों. पाय थंड होते. आक्का पुढच्या बाजूस बसली होती. तिनें सबंध रस्ताभर मागें वळून पाहिलें नाहीं. वडिलांना मेढ्याहून डॉक्टर आणावयास रात्र पुरली नव्हती. आम्हांला वीस मिनिटें लागलीं.

रुग्णालयांत बोटाला चिमटा लावून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण पाहिलें, तें ८८ भरलें. लगेच नाकाशीं नळी लावली, आणि हाताच्या पाठीवर सुई टोंचून औषध सुरू केलें. सुई टोंचतांना ती मोठ्यानें रडली. इतक्या जोरानें रडूं शकते हें ऐकून तेथील परिचारिकेला समाधान वाटलें आणि तिनें तसें बोलूनहि दाखविलें. छातीचें चित्र काढलें, उजव्या बाजूस न्युमोनिया निघाला. डॉक्टरांनीं विचारलें, प्रथम कोणाच्या लक्षांत आलें? चिरंजीवांनीं आक्काकडे पाहिलें. डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, आमच्या शिकाऊ मुलांना हें दाखवून दाखवून आम्ही थकतों." आक्कानें पदर डोळ्यांना लावला, आणि मग इतक्या वर्षांत प्रथमच, कोणीं विचारलेलें नसतांना, त्या परक्या माणसाजवळ तिनें आमच्या भावाचें नांव घेतलें.

चार रात्री तेथें काढल्या. चौथ्या दिवशीं प्राणवायूची नळी निघाली; पांचव्या दिवशीं संक्रांत झाल्यावर घरीं आलों. हलव्याचे दागिने आधींच आणून ठेवले होते; बोरन्हाण पुढें रथसप्तमीपूर्वीं एका दुपारीं उरकलें. तिनें बोरें सोडून सगळे कुरमुरे वेंचले.

घरीं आल्यावर पहिले कांहीं दिवस श्वास मोजीत राहावा असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. सूनबाईची रजा संपली होती. दिवसां हें काम आमच्याकडे आलें. मी घड्याळाकडे पाहूं लागलों कीं पोट पाहावयाचें राही, आणि पोटाकडे पाहूं लागलों कीं कांटा कोठें गेला तें कळेना. आक्काला तर घड्याळाचा बारीक कांटा दिसतच नाहीं. तेव्हां आम्हीं एक युक्ति काढली. आक्काजवळ एक जुनी तुळशीची माळ होती, मेरुमणि हरवल्यामुळें जपाला न चालणारी. तिच्या टोंकाला मीं गांठ मारली, आणि गांठीपासून मोजून चाळिसाव्या मण्यापुढें तांबडा दोरा बांधला. मोबाइलवर एका मिनिटाची घंटा लावावयाची, "हं" म्हणावयाचें, आणि आक्कानें गांठीपासून आरंभ करून, डोळे पोटावर ठेवून, प्रत्येक श्वासाला एक मणि ओढावयाचा. घंटेच्या आधीं बोटांना दोरा लागला तर सूनबाईला फोन.

सूनबाईनें ही रीत स्वतः घड्याळ लावून दोन वेळां ताडून पाहिली. दोन्ही वेळां आंकडा जुळला. त्या दिवशीं संध्याकाळीं तिनें आक्कासाठीं येतांना खवा आणला. आक्काला खव्याची पोळी आवडते हें तिला कसें कळलें तें मला ठाऊक नाहीं.

नातीला ती माळ फार आवडते. मम्मं म्हणून सरळ तोंडांत घालते, आणि मणि लहान मुलाच्या घशांत अडकण्याजोगा. म्हणून ती देवघराबाहेरच्या खुंटीला उंच टांगलेली असते. माघांत ती दोनदां खालीं आली. एकदां २८ मणि झाले, एकदां ३१. दोन्ही वेळां आक्कानें माळ खुंटीला लावली, गोधडी सारखी केली, आणि ती भिंतीकडे तोंड करून झोंपली.